चप्पल घालून धरा

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आम्ही चार कुटुंबांनी शनिवार-रविवारसाठी एक बंगला भाड्याने घेतला होता. मे महिना, मागे आमराई आणि अंगणात निळ्या टाइल्सचा छोटा पोहण्याचा तलाव. बंगला पसंत पडला तो या तलावामुळेच. मुलं सकाळपासून पाण्यात होती. दुपारी मीही उतरावं म्हणून ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो, शिडीचा स्टीलचा दांडा धरला आणि तळहाताला बारीक मुंग्या आल्या. मनाचा खेळ असेल असं वाटलं. पुन्हा एकदा, या खेपेला बोटांच्या पाठीने, हलकेच स्पर्श केला. पुन्हा मुंग्या. झाडांना पाणी घालणारा राखणदार हे बघत होता. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "साहेब, चप्पल घालून धरा, मग नाय लागत. पावसात जरा जास्त लागतो."

मुलांना हाका मारून, शिडीपासून लांबच्या पायऱ्यांवरून बाहेर काढलं. राखणदाराकडे टेस्टर होता. तो शिडीला टेकवला तर आतला दिवा मिणमिणत होता. पंपाच्या खोलीत जाऊन पंपाचा खटका खाली पाडला, तेव्हा तो विझला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळपासून सहा मुलं त्या शिडीवरून चढत-उतरत होती.

राखणदाराचं वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही, कारण ते अडाणीपणाचं वाक्य नव्हतं. शिडीत करंट उतरतो हे त्याला माहीत होतं, पावसात तो वाढतो हे त्याने पाहिलं होतं आणि त्यावर आपल्या परीने उपायही शोधला होता. रबरी चपलेने जमिनीकडे जाणारी वाट तुटते, हे विज्ञानाच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. आपण सगळे विजेबरोबर असेच तर राहत आलो आहोत. ओल्या हाताने बटण दाबू नकोस, लाकडी पाटावर उभा राहा, इस्त्रीला हात लावताना जपून. पिढ्यान् पिढ्या आपण विजेची सुरक्षितता माणसाच्या सावधपणावर सोपवली. माझं म्हणणं इतकंच आहे की पाण्यात हा सावधपणा कामाचा नाही. पोहणाऱ्या मुलाच्या पायात चप्पल नसते. आणि जो धोका दिसत नाही, ज्याचा वास येत नाही, ज्याचा आवाज होत नाही, त्यापासून सावध राहायचं तरी कसं? तिथली सुरक्षितता तारेतच असायला हवी, काँक्रीट ओतण्याच्या दिवशीच. ती नसेल तर नंतर लावलेली कुठलीही पाटी पोहणाऱ्याला वाचवू शकत नाही.

शॉक लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आकड्यांत पाहिलं की पाण्याचा प्रश्न वेगळा का, ते कळतं. विजेच्या धक्क्यावर सर्वांत चिकाटीने काम केलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी. हाताने धरलेली तार माणसाला स्वतःहून कधीपर्यंत सोडता येते, हे त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते आणि मेंदूने कितीही सांगितलं तरी उघडत नाही. आपल्याकडे 'करंटने ओढून घेतलं' म्हणतात. वीज ओढून घेत नाही, आपलीच मूठ आपलं ऐकेनाशी होते. आणखी थोडा प्रवाह वाढला की छातीचे स्नायू जखडून श्वास अडतो, आणि १०० मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. १०० मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहावा हिस्सा.

कोरड्या, जाड कातडीचा विरोध बराच असतो. तीच कातडी भिजली की विरोध हजार ओहमच्या घरात किंवा त्याहूनही खाली येतो. घरातल्या २३० व्होल्टला हजार ओहमने भागा. २३० मिलिअँपिअर. गणित इतकं सोपं आणि इतकं भयंकर आहे.

पण तलावात मरायला हृदय थांबावं लागत नाही. जमिनीवर ज्या प्रवाहाने माणूस 'आई गं' म्हणून हात झटकेल आणि वायरमनला फोन करेल, तेवढाच प्रवाह पाण्यात हातपाय लुळे करतो. पट्टीचा पोहणारा असला तरी तो छातीभर पाण्यात, काठापासून दोन हातांवर बुडतो. ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास हवा. बघणाऱ्याला वाटतं, डुबकी मारली असेल. त्यातून गोड्या पाण्याचा एक गुण घातक आहे. आपल्या अंगातलं रक्त, पाणी सगळं खारं, त्यामुळे शरीर गोड्या पाण्यापेक्षा विजेला जास्त सोपी वाट देतं. समुद्राच्या पाण्यात प्रवाह बराचसा शरीराला वळसा घालून जातो, गोड्या पाण्यात तो शरीरातूनच जाणं पसंत करतो. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बोटींच्या जेट्टींवर असे मृत्यू इतके झाले की तिथे या प्रकाराला वेगळं नावच पडलं: विजेच्या धक्क्याने बुडणं.

आपल्याकडे त्याला नाव नाही. त्यामुळे मोजणीही नाही. पाण्यात शॉक लागलेल्या शरीरावर भाजल्याची खूण उमटेलच असं नाही. संपर्क एका बिंदूशी नसतो, पाणी सगळ्या अंगाला लागलेलं असतं. मग पंचनाम्यात येतं 'पाण्यात बुडून मृत्यू' आणि ते खोटंही नसतं. २००३ च्या वीज कायद्यातलं १६१ वं कलम सांगतं की विजेमुळे जीवितहानी झाली तर ती कळवली पाहिजे आणि तिची चौकशी सरकार विद्युत निरीक्षकाकडून करवून घेऊ शकतं. पण कागदावर वीज आलीच नाही, तर निरीक्षक कशासाठी येईल? तोपर्यंत पंप बंद केलेला असतो, पाणी सोडून दिलेलं असतं. पुढच्या शनिवारी तलाव पुन्हा भरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या वर्षाला दहा हजारांच्या वरच असते. बुडालेल्यांच्या रकान्यात जे विजेने मेले, ते या संख्येत धरलेलेच नाहीत.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना!" हे उत्तर मी सुशिक्षित, चांगल्या पगाराच्या, स्वतः इंजिनिअर असलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस शंभरात जातो. तुमच्या शरीरातून जाणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने एखाद्या दिव्याइतकाच असतो. तो पडणार नाही. पडला नाही म्हणून तो बिघडलाय असंही नाही, ते त्याचं कामच नव्हे.

"अर्थिंग आहे ना मग!" हे दुसरं उत्तर. अर्थिंग हवंच, पण त्यावर जेवढा विश्वास आपण टाकतो तेवढा ते पेलत नाही. समजा पंपाच्या मोटरची वाइंडिंग सडली आणि फेज मोटरच्या अंगाला लागला. बंगल्याच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध ५० ओहम असेल तर जमिनीत जाणारा प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि मोटरचं अंग, तिला जोडलेली शिडी, दांडा सगळं २३० व्होल्टच्या जवळपास तसंच राहील, तासन् तास. आणि ५० ओहम ही काही अतिशयोक्ती नाही. लोणावळ्याचा कातळ, कोकण-गोव्यातला जांभा, त्यात एप्रिल-मेमधली कोरडी ठणठणीत जमीन. जुनी माणसं मीठ-कोळसा घालून खड्डा भरायची आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची, ते याच कारणाने. आता खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि तो नेमका कुठे आहे हे मालकालाही माहीत नसतं.

माणसासाठी बनलेलं उपकरण वेगळं आहे. आपले वायरमन त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात, आता मिळतं ते आरसीसीबी. त्याचं तत्त्व हिशेबनीसाचं आहे: फेजमधून गेले किती आणि न्यूट्रलमधून परत आले किती. फरक पडला म्हणजे कुठेतरी गळती आहे, कदाचित एखाद्या माणसातून. फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्याने ०.३ सेकंदात वीज तोडली पाहिजे, आणि फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. हृदयाचा एक ठोका पुरा व्हायच्या आत. डॅलझील यांनीच १९६१ मध्ये घरगुती वापरासाठी असं उपकरण घडवलं. अमेरिकेच्या विद्युत संहितेने ते पहिल्यांदा सक्तीचं केलं ते १९६८ मध्ये, तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांसाठी. स्नानघरं, स्वयंपाकघरं नंतर आली. तिथे घरातला दाब १२० व्होल्ट आणि उपकरण पाच मिलिअँपिअरच्या सुमारालाच तुटणारं. आपला दाब जवळपास दुप्पट. आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरची मर्यादा घालून दिलेली होती. म्हणजे ज्ञान होतं, नियम होता, बाजारात वस्तूही होती.

मग त्या बंगल्यावर ती का नव्हती? ती होती. पंपाच्या खोलीत भिंतीवर लावलेलीच होती, फक्त तारा तिला वळसा घालून गेल्या होत्या. राखणदाराने सांगितलं, "पावसाळ्यात सारखी पडायची. पाहुणे ओरडायचे. मग वायरमननी डायरेक्ट करून दिलं." ज्या उपकरणाने पावसाळाभर ओरडून सांगितलं की इथे गळती आहे, त्याचंच तोंड दाबलं. या एका कृतीत मला आपल्या सगळ्या सवयींचं मूळ दिसतं. वीज जाणं ही गैरसोय दिसते, आरसीसीबी पडल्यामुळे वाचलेला जीव दिसत नाही.

अर्थात आरसीसीबी म्हणजे रामबाण नव्हे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही शरीरातूनच पुरे झाले तर हिशेब जुळतो आणि तो गप्प राहतो. लाइट गेल्यावर जनरेटर लावला आणि त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच नसेल, तर गळती होऊनही तो पहिल्या दोषाला तुटत नाही. वर्षानुवर्षं न हललेली आतली यंत्रणा अडकूनही बसते, म्हणून त्यावर 'टी' लिहिलेलं बटण दिलेलं असतं. ते दर काही महिन्यांनी दाबून बघायचं असतं. तुमच्या घरातलं शेवटचं कधी दाबलं होतं?

म्हणून तलावाला आणखी एक संरक्षण लागतं, आणि तेच आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. उघड्या तारेवर कावळा बसतो आणि त्याला काही होत नाही. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात, प्रवाह वाहायला फरक लागतो आणि फरकच नाही. तलावाचं संरक्षण याच तत्त्वावर उभं राहतं. तळाच्या काँक्रीटमधल्या सळया, शिडी, कठडे, दिव्याची चौकट, पंपाचं अंग, काठाभोवतीच्या फरशीखालची जाळी, हे सगळं जाड तांब्याच्या तारेने एकमेकांशी बांधायचं. अमेरिकेच्या संहितेत ही तार सुमारे ८ चौरस मिलिमीटरची, एकसंध तांब्याची सांगितली आहे आणि काठापासून तीन फुटांपर्यंतची जमीनही त्यात घ्यायला लावली आहे. मग कुठून करंट उतरलाच, तरी पाणी, शिडी आणि पायाखालची फरशी एकदमच वर चढतात, माणूस कावळ्यासारखा सुरक्षित राहतो. माझ्या तळहाताला मुंग्या आल्या त्या शिडी आणि ओली फरशी यांच्यातल्या फरकामुळे. त्या दोघांमध्ये तांब्याची तार असती तर मला काहीच जाणवलं नसतं, आणि आरसीसीबी जागेवर असता तर शिडीत तो करंट टिकलाच नसता.

ही तार काँक्रीटखाली जाते. एकदा फरशी बसली की ती आहे की नाही हे कुणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायला आपण नाखूश असतो. टाइलचा निळा रंग कोणता, काठाला काळा ग्रॅनाइट की कडप्पा, पाण्याखालचा दिवा रंग बदलणारा हवा की नको, यावर मालक आणि वास्तुरचनाकार आठवडे घालवतात. माझ्या अंदाजाने काठाच्या सजावटीवर जे पैसे जातात त्याच्या एका तुकड्यात ही सगळी तार बसेल. पण अंदाजपत्रकात ती ओळच नसते, कारण तलाव बांधणारा मिस्त्री गवंडीकामाचा, पंप बसवणारा प्लंबर आणि दिवे लावणारा वायरमन तिसराच. तांब्याची तार तिघांच्याही कामाच्या मधल्या फटीत पडते.

पाण्याखालच्या दिव्याचं तसंच. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की तलावाच्या आत १२ व्होल्टपेक्षा जास्त एसी दाब जाताच कामा नये, आणि तो देणारा ट्रान्सफॉर्मर पाण्याच्या परिसरापासून दूर असावा. काठाभोवतीचे पहिले दोन मीटर हे त्याच मानकात धोक्याचं क्षेत्र मानलंय. इथे महत्त्वाचं म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून पूर्ण वेगळी हवीत. स्वस्तातल्या एलईडी ड्रायव्हरमध्ये ती नसूही शकतात. तेव्हा डब्यावर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी आत २३० पाण्यापर्यंत यायला एकच दोष पुरतो. क्लोरिनने दिव्याचं रबरी गास्केट चिरतं, केबलचा जोड इन्सुलेशन टेप गुंडाळून काठाखालच्या डबीत ठेवलेला असतो, डबीत पाणी साचतं. मी पाहिलेल्या बंगल्यावर हे सगळं होतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी गंभीरपणे घेतो. पोहण्याचे तलाव कुणाकडे असतात? लोणावळा, अलिबाग, आसगाव, शिवोली इथल्या बंगलेवाल्यांकडे. शेतकरी रात्रीच्या अंधारात मोटर चालू करायला जातो आणि स्टार्टरला हात लावताच जातो, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पण त्या तलावांत कोण उतरतं ते पाहा. मालक महिन्यातून एकदा, पाहुणे शनिवार-रविवार, आणि रोज राखणदार, अॅल्युमिनियमचा लांब दांडा लावलेला ब्रश घेऊन, कमरेइतक्या पाण्यात, अनवाणी. धोका मालकीप्रमाणे वाटला जात नाही. शिवाय तलावाचा आणि शेताचा प्रश्न एकच आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तसं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं गावोगाव पोहोचलं. तो कागद पाणी धरून ठेवतो आणि त्याच पाण्याला जमिनीपासून तोडतोही. त्यात सोडलेल्या पंपाची केबल सोलली तर पाण्यातला करंट जमिनीत उतरायला वाट शोधत बसतो. दुपारच्या उन्हात पोरं त्यात उड्या मारतात. बाहेर येताना ज्या पोराचा हात पहिल्यांदा काठावरच्या ओल्या मातीला लागेल, ते पोर ती वाट होऊ शकतं. तेव्हा श्रीमंताच्या तलावाबद्दल बोलताना मी शेततळ्याकडे पाठ फिरवलेली नाही. जिथे खर्च करायला पैसे होते तिथेही आपण आरसीसीबी डायरेक्ट करतो, तर शेतात काय होत असेल हे त्यावरून कळतं.

नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तलाव मात्र बहुतेक वेळा जोडणीनंतर काही वर्षांनी येतो. महावितरणची नजर मीटरपर्यंत, त्यापुढे घर तुमचं. स्वतःच्या कुटुंबापुरत्या घराला हे एक वेळ चालेल. पण तोच बंगला रात्रीच्या भाड्याने परक्या लोकांना दिला, की तो घर राहत नाही. हॉटेलला जे लागू, ते त्याला लागू व्हायला हवं. दरवर्षी गळतीची आणि जोडतारांची चाचणी, आणि तिचा दिनांक घातलेला कागद तलावाशेजारी, पाहुण्याला वाचता येईल असा. तलाव बांधताना काँक्रीट ओतण्याआधी तांब्याच्या जोडांचे फोटो काढून ठेवण्याची सक्ती. आणि तलावात, शेततळ्यात, जिथे पंप किंवा दिवा आहे अशा कुठल्याही पाण्यात कुणी बुडालं, तर यंत्रणेला हात लावण्याआधी ती तपासली गेली पाहिजे, अंगावर खूण असो वा नसो.

कुणी पाण्यात निपचित दिसला तर मागोमाग उडी मारू नका, हे मी माझ्या मुलांना शिकवलंय. ते शिकवताना फार जड गेलं, कारण आपण त्यांना लहानपणापासून उलटंच सांगतो. आधी मुख्य खटका पाडायचा. तो सापडत नसेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची किंवा दोर, जे हाताशी येईल ते पुढे करायचं, पण स्वतः पाण्याला शिवायचं नाही. करंट जाणवला तर शिडीकडे नाही, तिच्यापासून लांब पोहायचं.

बंगल्याच्या मालकाला मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माणूस पाठवतो म्हणाले. महिन्याभराने, पाऊस सुरू झाल्यावर, मी राखणदाराला फोन लावला. माणूस येऊन गेला होता. शिडीच्या पुढ्यात त्याने काळी रबरी मॅट टाकली होती. आरसीसीबी तसाच होता. मी विचारलं, ब्रश घेऊन पाण्यात कधी उतरता? म्हणाला, रोज सकाळी सातला, पंप चालू ठेवूनच, नाहीतर गाळ ओढला जात नाही. मी त्याला सांगितलं की उतरण्याआधी पंपाचा आणि दिव्याचा, दोन्ही खटके खाली पाडायचे, गाळ राहिला तर राहू दे. तो थोडा वेळ गप्प होता. मागे पन्हाळीचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "थांबा साहेब, बोर्डापाशी जातो. डावीकडनं कितवा, ते पुन्हा सांगा."